‘गॅप’ म्हणजे नेमके काय? मणक्यातील चकतीचे विकार आणि त्यांतील फरक

‘डॉक्टर, माझ्या मणक्यात गॅप आहे.’ कंबरदुखीचा रुग्ण आताशा आपले दुखणे सांगण्याआधी निदानच सांगतो. कुणी म्हणतो ‘गादी सरकली’, कुणी ‘शीर दबली’, तर कुणाला शेजाऱ्याने ‘मणके झिजले’ असे सांगितलेले असते. ही सगळी एकाच आजाराची वेगवेगळी नावे आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. हे विकार वेगळे, त्यांची कारणे वेगळी आणि मुख्य म्हणजे त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. एकाला चालणे आणि व्यायाम पुरेसा होतो, दुसऱ्याला काही आठवडे धीर धरावा लागतो, तर तिसऱ्याला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते.

नावांची सरमिसळ झाली की दोन प्रकारांनी नुकसान होते. ज्याला काहीही गंभीर झालेले नाही, असा माणूस ‘गॅप’ या शब्दाच्या धसक्याने काम सोडून महिनोन्महिने अंथरूण धरतो. उलट ज्याची नस खरोखर निकामी होत आहे, असा माणूस ‘कंबर तर सगळ्यांचीच दुखते’ म्हणून मलम चोळत बसतो. म्हणून आजच्या लेखात चकतीच्या विकारांचे प्रकार आणि ते एकमेकांपासून कसे ओळखावेत, हे पाहू.

चकतीची रचना

आपल्या पाठीच्या कण्यात एकूण ३३ मणके असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५ आणि त्याखाली एकमेकांना जुळून गेलेले त्रिकास्थीचे ५ व माकडहाडाचे ४. कवटी आणि मानेचा पहिला मणका, तसेच पहिला आणि दुसरा मणका यांच्यामध्ये चकती नसते. दुसऱ्या मणक्यापासून त्रिकास्थीपर्यंत मात्र प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक अशा २३ चकत्या असतात. यांनाच बोलीभाषेत ‘गादी’ म्हणतात.

चकतीचे दोन भाग असतात. मध्यभागी जेलीसारखा मऊ, बुळबुळीत गर आणि त्याभोवती चिवट तंतूंचे कडे. हे कडे कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थरांवर थर असे बनलेले असते आणि एका थरातील तंतू तिरके एका दिशेला, तर पुढच्या थरातील विरुद्ध दिशेला जातात. त्यामुळे वाकताना, वळताना ते सहसा फाटत नाही. तरुणपणी मधल्या गरात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते. दिवसभराच्या वजनाने त्यातील थोडे पाणी बाहेर दाबले जाते आणि रात्री आडवे झाल्यावर ते परत शोषले जाते. म्हणूनच सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच भरतो.

मोठ्या माणसाच्या चकतीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते शेजारच्या मणक्यांतून झिरपून. अशा पोषणाला हालचालीची मदत लागते. तासन्‌तास एका जागी बसून राहणे आणि धूम्रपान या दोन्ही गोष्टी चकतीला मानवत नाहीत.

चकतीच्या मागच्या बाजूला एक पोकळ नळी असते. मानेपासून कमरेच्या सुरुवातीपर्यंत या नळीत मज्जारज्जू असतो. त्याखाली, घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखा नसांचा झुबका असतो. प्रत्येक मणक्याच्या पातळीवर डावी-उजवी एकेक नस बाहेर पडते. चकतीच्या विकारात खरा प्रश्न असतो तो एवढाच, की या नसांना किंवा मज्जारज्जूला धक्का लागला आहे की नाही.

‘गॅप’चा घोटाळा

साध्या क्ष-किरण फोटोत हाडे दिसतात, चकती दिसत नाही. त्यामुळे दोन मणक्यांमध्ये मोकळी जागा असल्यासारखे वाटते. ही जागा, म्हणजेच ‘गॅप’, प्रत्येक निरोगी माणसाच्या फोटोत असते आणि असायलाच हवी! चकती झिजून तिची उंची कमी झाली की ही जागा कमी होते. म्हणजे रुग्ण ‘गॅप आली’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा गॅप कमी झालेली असते. आता एकेक प्रकार घेऊ.

१. झिजलेली चकती

वयाबरोबर चकतीतील पाणी कमी होते, ती सुकते, चपटी होते. शेजारच्या मणक्यांच्या कडांवर हाडाची टोके वाढतात. अहवालात याला ‘डिजनरेशन’ किंवा ‘स्पॉन्डिलोसिस’ म्हणतात. केस पांढरे व्हावेत, तसाच हा प्रकार आहे. अनेकांना याचा काहीच त्रास होत नाही. ज्यांना होतो, त्यांना तो कमरेतच होतो. सकाळी थोडा ताठरपणा, जास्त वेळ बसल्यावर किंवा वाकून काम केल्यावर ठसठस. दुखणे फार तर कुल्ल्यापर्यंत किंवा मांडीपर्यंत जाते, पण पायाच्या बोटांपर्यंत मुंग्या जात नाहीत.

येथे एक खुलासा. मानेच्या झिजेला आपल्याकडे सर्रास ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतात. खरा ‘अँकायलोजिंग स्पॉन्डिलायटिस’ हा सांध्यांच्या दाहाचा निराळा आजार आहे. तो ऐन तरुणपणी सुरू होतो, पहाटे जास्त दुखतो आणि हालचाल केल्यावर हलका होतो. विशी-तिशीतल्या मुलाची कंबर तीन महिन्यांहून अधिक काळ अशी दुखत असेल, तर ती झीज समजू नये.

२. फुगलेली चकती

सायकलच्या टायरमधली हवा कमी झाली की तो जमिनीलगत दोन्ही बाजूंना पसरतो. चकतीचेही तसेच होते. तिचे कडे शाबूत असते, पण चकती चहूबाजूंनी थोडी बाहेर पसरते. यालाच ‘डिस्क बल्ज’ म्हणतात. अमेरिकेतील मणक्याच्या आणि क्ष-किरणशास्त्राच्या तज्ज्ञ संस्थांनी २०१४ साली जी सुधारित परिभाषा ठरवली, तिच्यानुसार चकतीच्या घेराचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग पसरलेला असेल, तरच त्याला बल्ज म्हणावे. ही खऱ्या अर्थाने ‘सरकलेली’ चकती नव्हे. केवळ बल्जमुळे नस दबण्याचा संभव कमी असतो. नसांची नळी मुळातच अरुंद असेल, तर मात्र तेवढ्यानेही त्रास होऊ शकतो.

३. चिरलेले कडे

वजन उचलताना किंवा शिंकताना कमरेत एकदम कळ येते, माणूस जागीच अडकतो. याला आपण ‘उसण भरली’ म्हणतो. उसण बहुतेक वेळा स्नायूंची असते, पण काही वेळा चकतीच्या कड्याला बारीक चीर गेलेली असते. कड्याच्या बाहेरच्या थरांत संवेदना असते, त्यामुळे वेदना तीव्र होते. परंतु नस दबलेली नसल्यामुळे दुखणे कमरेपुरतेच राहते. पुढे वाकले, बसले, खोकले की वाढते.

गावाकडे उसणीवर पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची पद्धत आहे. उसण बहुधा काही दिवसांत आपोआपच उतरते आणि श्रेय पायाळूला मिळते. हलका पाय लावून घेतल्याने फारसे बिघडत नाही. परंतु कमरेला किंवा मानेला जोराचा झटका देणे, पाठीवर उभे राहणे हे प्रकार धोक्याचे आहेत. आधीच कमकुवत झालेले कडे त्याने फाटू शकते.

४. बाहेर आलेली चकती

आता खरी ‘सरकलेली गादी’. वास्तविक चकती दोन्ही मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, ती बशीसारखी घसरत नाही. कड्याच्या कमकुवत जागेतून आतला गर बाहेर येतो, म्हणून ‘सरकली’ ऐवजी ‘बाहेर आली’ म्हणणे योग्य. याच्या तीन पायऱ्या आहेत. पुन्हा टायरचेच उदाहरण घेऊ.

पहिली पायरी: टायर एका जागी झिजला की तेथे फुगवटा येतो, पण ट्यूब बाहेर दिसत नाही. हा ‘प्रोट्रूजन’. दुसरी पायरी: टायरला चीर पडून ट्यूबचा फुगा बाहेर येतो. चिरेपाशी तो अरुंद आणि बाहेर मोठा असतो. हा ‘एक्सट्रूजन’. तिसरी पायरी: बाहेर आलेला तुकडा मूळ चकतीपासून तुटून नळीत सुटा पडतो. हे ‘सिक्वेस्ट्रेशन’. ‘प्रोलॅप्स’ आणि ‘हर्निएशन’ हे शब्द या सगळ्यांसाठी ढोबळपणे वापरले जातात.

बाहेर आलेला गर नसेवर दाब देतो आणि तेथे दाहही निर्माण करतो. मग कमरेपेक्षा पाय जास्त दुखू लागतो. वेदना कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत आणि पावलापर्यंत विजेच्या धक्क्यासारखी जाते. हीच सायटिका. आयुर्वेदात तिला गृध्रसी म्हटले आहे. या दुखण्याचा चकतीशी असलेला संबंध मात्र जगाला ठामपणे पटला तो १९३४ साली, बोस्टनमधील मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांच्या निबंधामुळे. तोपर्यंत शस्त्रक्रियेत सापडणारे हे तुकडे म्हणजे कूर्चेच्या गाठी असाव्यात, असे समजत.

कमरेतील बहुतेक चकत्या खालच्या दोन जागीच बाहेर येतात. अहवालात त्यांना एल ४-५ आणि एल ५-एस १ असे लिहितात. कोणती नस दबली आहे, याचा अंदाज तपासणीतूनच येतो. एल ४-५ ला बहुधा पाचवी नस सापडते. तेव्हा पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते आणि टाचांवर चालता येत नाही. एल ५-एस १ ला त्याखालची नस सापडते. तेव्हा चवड्यावर उभे राहता येत नाही आणि पावलाची बाहेरची कड बधिर होते. रुग्णाला उताणे झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलला की ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ जाते. ही साधी तपासणी प्रत्येक सायटिकाच्या रुग्णाची झालीच पाहिजे.

५. अरुंद झालेली नळी

साठीनंतर झिजलेली चकती, वाढलेली हाडे आणि जाड झालेले बंध मिळून नसांची नळी चारी बाजूंनी आवळतात. याचे लक्षण ठरावीक आहे. थोडे अंतर चालले की दोन्ही पाय जड होतात, भरून येतात, बसावे लागते. दोन मिनिटे बसले किंवा पुढे वाकले की पुन्हा चालता येते. असे आजोबा सायकल आरामात चालवतात, पण बाजारापर्यंत चालत जाऊ शकत नाहीत, कारण सायकलवर कंबर पुढे वाकलेली असते. बाहेर आलेल्या चकतीत नेमके उलट असते. बसल्याने आणि वाकल्याने दुखणे वाढते.

पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यावरही चालताना पोटऱ्या भरून येतात. मात्र त्यात नुसते उभे राहिले तरी आराम पडतो, वाकावे लागत नाही. मधुमेही आणि तंबाखू-विडीचे व्यसन असणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

मानेची गोष्ट वेगळी

मानेतील चकती बाहेर आली तर खांद्यातून हाताच्या बोटांपर्यंत कळ आणि मुंग्या जातात. परंतु मानेत नळीमध्ये प्रत्यक्ष मज्जारज्जू असतो. त्यावर दाब आला तर दुखणे कमी आणि अशक्तपणा जास्त, अशी फसवी स्थिती होते. सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत, हातातून वस्तू पडतात, अक्षर बिघडते, चालताना पाय ताठ पडतात आणि चप्पल पायातून निसटते तरी कळत नाही. याला वय किंवा मधुमेह समजून वाट पाहू नये. येथे उशीर झाला तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही.

चकतीचे नव्हे, पण तसेच वाटणारे विकार

पहिला, खराखुरा ‘मणका सरकणे’. यात चकती नव्हे, तर एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरतो. याला ‘लिस्थेसिस’ म्हणतात आणि तो साध्या फोटोतही दिसतो.

दुसरा, आपल्या देशात विसरून चालणारच नाही असा, मणक्याचा क्षयरोग. यातही फोटोत दोन मणक्यांमधील जागा कमी दिसते. पण शेजारचे मणकेही कुरतडल्यासारखे झालेले असतात. संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन, भूक मंदावणे आणि विश्रांतीतही, रात्रीही न थांबणारे दुखणे ही त्याची खूण. ही लक्षणे असताना ‘गॅप आहे’ म्हणून पट्टा बांधून बसणे घातक आहे. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेवर सुरू केल्यास बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात.

अहवाल वाचून घाबरू नका

१९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ लोकांचा एमआरआय काढण्यात आला. त्यांतील ५२ टक्के लोकांची एक तरी चकती फुगलेली आणि २७ टक्के लोकांची एक तरी चकती बाहेर आलेली निघाली! सर्व चकत्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के होते. पुढे २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला, तेव्हा काहीही दुखत नसलेल्या विशीतील लोकांपैकी ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के लोकांत चकतीची झीज आढळली.

याचा अर्थ सरळ आहे. एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे नाही. ज्या बाजूचा पाय दुखतो, ज्या बोटाची ताकद कमी आहे, त्याच नसेवर त्याच बाजूला दाब दिसला, तरच त्या अहवालाला अर्थ आहे. एमआरआय हा तपासणीला पूरक असतो, तपासणीच्या ऐवजी नसतो. म्हणून मी नेहमी सांगतो, अहवाल दाखवण्याआधी पाय दाखवा.

उपचार कसे ठरतात?

झीज, बल्ज आणि उसण यांत शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते. वेदना कमी करणारे औषध थोडे दिवस, शेक आणि लवकरात लवकर हालचाल हेच उपाय. पूर्वी अशा रुग्णांना आठवडेच्या आठवडे फळीवर झोपवत. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सात दिवस झोपलेले आणि दोनच दिवस झोपलेले रुग्ण सारखेच बरे झाले. दोन दिवसवाले कामावर मात्र लवकर गेले. फार झोपून राहिल्याने स्नायू दुबळे होतात आणि चकतीचे पोषणही मंदावते. पट्ट्याचेही तसेच आहे. प्रवासात, कामात थोडे दिवस ठीक, पण कायम बांधू नये. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून महिनोन्महिने खाऊ नयेत. मूत्रपिंड आणि जठर यांना त्या इजा करतात.

बाहेर आलेल्या चकतीबाबत एक आश्वासक गोष्ट सांगतो. बाहेर पडलेला गर शरीर हळूहळू शोषून घेते. आणि नवल म्हणजे, अहवालात सर्वांत भयंकर वाटणारा सुटा तुकडा बहुधा सर्वांत चांगला शोषला जातो. नुसता बल्ज मात्र बहुधा तसाच राहतो. हॉलंडमधील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांपैकी निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया ठरवली आणि निम्म्यांना थांबायला सांगितले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. पण वर्षअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचा पाय लवकर थांबला, एवढाच फरक.

म्हणून पायात ताकद शाबूत असेल, तर सहा ते बारा आठवडे थांबण्यास हरकत नाही. या काळात पाय फारच दुखत असेल, तर मणक्यातील इंजेक्शनने काही काळ उतार पडतो. तरीही वेदना असह्य राहिली, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. ताकद कमी होत चालली असेल, तर मात्र थांबू नये. ‘मणक्याचे ऑपरेशन केले की माणूस लुळा होतो’ ही भीती आज निराधार आहे. धोका शून्य नसतो, पण योग्य कारणासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा पायाच्या वेदनेवर चांगला उपयोग होतो. निव्वळ कंबरदुखीसाठी केलेल्या शस्त्रक्रियेची मात्र तशी खात्री देता येत नाही.

त्याच दिवशी रुग्णालय गाठा

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर उद्याची वाट पाहू नका:

- लघवी अडणे, लघवी लागल्याचे न कळणे किंवा नकळत होणे. शौचावरचा ताबा जाणे.
- सायकलच्या सीटवर बसताना टेकतो तो भाग, म्हणजे गुदद्वार, जननेंद्रिये व मांड्यांच्या आतली बाजू बधिर होणे.
- दोन्ही पायांत एकदम कळा आणि अशक्तपणा.
- पाऊल लुळे पडणे, चालताना चवडा जमिनीला घासणे.
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे, पाठदुखीसोबत ताप, पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीची नवी पाठदुखी.

पहिली तीन लक्षणे मोठ्या चकतीने नसांचा सगळा झुबकाच दाबल्याची आहेत. येथे शस्त्रक्रिया तासांच्या हिशेबाने करावी लागते. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. अनेक रुग्ण, विशेषतः स्त्रिया, या गोष्टी संकोचाने सांगत नाहीत. घरातील वडीलधाऱ्यांनी त्या स्पष्टपणे विचाराव्यात.

रोजची काळजी

ओझे उचलताना कंबरेतून वाकू नका. गुडघे वाकवून, वस्तू अंगाजवळ धरून उठा. ओझे उचलता उचलता कंबर पिळू नका. स्वीडनमधील नाखेमसन यांनी चकतीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा पुढे वाकून वजन उचलताना तो उभे राहण्याच्या कितीतरी पट वाढतो असे आढळले होते. बैठे काम करणाऱ्यांनी अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकावीत. ट्रॅक्टर, एसटी, रिक्षा चालवणाऱ्यांना हादऱ्यांचा जादा त्रास होतो. त्यांनी कमरेमागे लहान उशी ठेवावी व मध्ये मध्ये उतरावे. रोज अर्धा तास चालणे आणि पोटाचे व पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, हा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ पट्टा आहे. विडी-सिगारेट सोडा. वजन आटोक्यात ठेवा.

थोडक्यात, यापुढे कुणी ‘गॅप आहे’ असे सांगितले, तर त्यांना तीन प्रश्न विचारा: नस दबली आहे का? ताकद शाबूत आहे का? लघवी-शौचाचा ताबा ठीक आहे का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले, तर निर्धास्त होऊन हिंडायला-फिरायला लागा. ‘होय’ आले, पण ताकद आणि ताबा शाबूत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे धीर धरा. आणि ताकद किंवा ताबा जात असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी गाडीची सोय करा.